दुर्मीळ काडतूस, मनाजोगी रायफल

चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली जिम कॉर्बेटने संपवले. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. ती लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची होती. कॉर्बेटची पुस्तके वाचत मोठ्या झालेल्या पिढ्यांना ही रायफल नावाने ठाऊक आहे. तिच्या काडतुसाचे कूळ मात्र फारसे कोणी विचारत नाही. ०.२७५ इंच म्हणजे जवळजवळ ७ मिलिमीटर. इंग्रजी नाव लावलेले हे काडतूस म्हणजे जर्मनीच्या माउझरचे ७×५७, स्पेनच्या सैन्याने १८९३ साली स्वीकारलेले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले. युरोपात मात्र परीक्षा देऊन, परवाना काढून, ठरवून दिलेल्या संख्येत हरणे आणि रानडुकरे मारण्याची पद्धत आजही चालू आहे. जर्मनीतले सूल, ऑस्ट्रियातले फेर्लाख अशा गावांत पिढीजात कारागीर एकेका गिऱ्हाइकाच्या मापाची रायफल घडवतात. तिथे कोणत्या काडतुसासाठी रायफल करायची, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. दुकानात सहज मिळणाऱ्या .३०८ वर समाधान नसेल, एखाद्या जुन्या, आडवाटेच्या युरोपीय काडतुसावर मन बसले असेल, तर निवड कशी करावी ते पाहू.

नावातले आकडे

युरोपीय नाव वाचणे सोपे आहे. पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, दुसरा पितळी पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणजे ९.३×६२ ची पुंगळी ६२ मिलिमीटर लांब. पुढे ‘आर’ असेल तर बुडाला बाहेर आलेली कड आहे असे समजावे. कडेची काडतुसे दुमडणाऱ्या, एकबारी किंवा दुनळी रायफलींसाठी असतात. बोल्टच्या रायफलीसाठी बिनकडेची. ७×६४ आणि ७×६५आर ही भावंडे अशीच दोन वेगवेगळ्या रायफलींसाठी जन्मली.

पहिल्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तो बहुधा नळीतल्या दोन समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर सांगतो. गोळी खोबणी भरून काढण्याइतकी जाड असते. ६.५ च्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात ६.७ मिलिमीटरची, तर ७ ची सुमारे ७.२ मिलिमीटरची असते.

आठ मिलिमीटरचा घोळ

हे नुसते पुस्तकी बारकावे नाहीत, हे ८×५७ च्या इतिहासावरून कळते. जर्मन सैन्याच्या १८८८ च्या रायफलीसाठी जे ८×५७ बनले, त्याची गोळी सुमारे ८.०९ मिलिमीटर व्यासाची होती. पुढे १९०५ च्या सुमारास सैन्याने टोकदार ‘एस’ गोळी घेतली आणि नळी रुंद केली. नवी गोळी ८.२२ मिलिमीटरची झाली. पुंगळी तीच राहिली. त्यामुळे नवे काडतूस जुन्या नळीच्या चेंबरमध्ये अडचणीशिवाय बसते. चाप ओढला की मात्र जाड गोळी अरुंद नळीत घुसू पाहते आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो.

त्यात भर नावांची. जुन्या नळीचे ‘आय’ हे अक्षर जर्मन ‘इन्फान्टेरी’वरून, म्हणजे पायदळावरून आले. जुन्या जर्मन छपाईत मोठा ‘आय’ आणि ‘जे’ सारखेच दिसत, म्हणून कित्येक ठिकाणी ते ‘८×५७ जे’ झाले. नव्या नळीला ‘आयएस’ किंवा ‘जेएस’ म्हणतात. कोणी आजोबांची जुनी जर्मन रायफल घेऊन कारागिराकडे आला, तर तो आधी नळी आतून मापतो. घाईत असलेल्या गिऱ्हाइकानेही हे होऊ द्यावे. याच भीतीपोटी अमेरिकेत ८×५७ ची तयार काडतुसे मुद्दाम कमी दाबाची भरली जातात. युरोपात ‘आयएस’ची कमाल मर्यादा ३९०० बार आहे. मग हे काडतूस अमेरिकी तक्त्यांत दुबळे दिसते, यात त्याचा दोष काय?

आधी बोल्ट, मग काडतूस

सर्वांत मोठी चूक म्हणजे तक्त्यांतले वेग पाहून काडतुसाच्या प्रेमात पडणे आणि मग त्याला रायफल शोधत हिंडणे. माझ्या मते उलटे जावे. आधी हातात असलेली किंवा मिळण्याजोगी रायफल पाहावी, तिच्या बोल्टचे तोंड आणि मॅगझिनची लांबी मापावी, आणि त्यात बसेल तेच काडतूस निवडावे.

याचा उत्तम धडा बर्लिनच्या ओटो बॉक या कारागिराने १९०५ साली घालून दिला. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत शेतकऱ्यांना मोठ्या जनावरांसाठी जोरकस रायफल हवी होती. इंग्रज दुनळी रायफली त्यांच्या खिशाला परवडत नव्हत्या. बॉकने नवी रायफल काढली नाही. १८९८ ची माउझर कारखान्यात ढिगांनी बनत होती. तिच्या मॅगझिनमध्ये जेमतेम मावेल आणि तिच्याच बोल्टला चालेल असे ९.३×६२ त्याने आखले. पूर्ण काडतूस ८३.६ मिलिमीटर लांब, गोळी १८.५ ग्रॅमची, नळीतून निघताना वेग सेकंदाला सुमारे ७२० मीटर. म्हणजे जवळपास ४८०० जूल. सात वर्षांनी इंग्लंडमध्ये आलेले .३७५ हॉलंड अँड हॉलंड याहून ताकदवान खरे, पण ते ९१ मिलिमीटरहून लांब. त्याला खास लांब बनवलेली, महागडी माउझर लागे. साध्या रायफलीला मोठे काम करायला लावण्यातच बॉकची बुद्धी दिसते. शंभर वर्षांनंतरही स्वीडन-फिनलंडमध्ये मूसच्या शिकारीला ९.३×६२ घेऊन लोक जातात.

म्हणूनच साधी ९८ माउझर किंवा तिच्या मापाची नवी रायफल हाताशी असेल, तर ७×५७, ६.५×५७, ७×६४, ८×५७ आयएस आणि ९.३×६२ ही सगळी दारे उघडी असतात. बुडाचा व्यास सगळ्यांचा १२ मिलिमीटरच्या आसपास. नळी बदलायची, बोल्टला हात लावायचा नाही. याउलट ८×६८एस. १९४० च्या आसपासचे हे वेगवान काडतूस मला देखणे वाटते, पण त्याचे बूड माउझरहून मोठे, आणि त्याच बुडाचे दुसरे नाव घ्यायचे तर ६.५×६८ हेच. बोल्टचे तोंड रुंद करावे लागते, मॅगझिनवर काम करावे लागते, आणि पुंगळ्या संपल्या तर दुसऱ्या कोणत्याही प्रचलित पुंगळीतून ती घडवता येत नाही.

श्योनाउअरची फिरकी

एक काडतूस असे आहे की ते त्याच्या रायफलीपासून तोडूच नये. १९०३ साली ऑस्ट्रियातल्या श्टायरच्या कारखान्यातून मानलिखर-श्योनाउअर रायफल निघाली, आणि ६.५×५४ हे तिचे काडतूस. ग्रीक सैन्याने ती स्वीकारली. तिचे मॅगझिन म्हणजे गोल फिरणारी फिरकी आहे. तिच्यातल्या खाचा त्या एकाच काडतुसाच्या अंगाबरहुकूम कोरलेल्या असतात. पुढे ९×५६, ८×५६ आणि ९.५×५७ साठी मॉडेल निघाली तेव्हा प्रत्येकाला वेगळी फिरकी करावी लागली. बोल्ट इतका मऊ चालतो की लोण्यातून सुरी फिरल्यासारखा वाटतो.

तिची गोळी १०.३ ग्रॅमची, लांबोडकी, गोल टोकाची. ती स्थिर राहावी म्हणून नळीचा पीळ घट्ट ठेवलेला, सुमारे २०० मिलिमीटरला एक वेढा. डब्ल्यू. डी. एम. बेल या हत्तींच्या शिकाऱ्याने असे ६.५ वापरले आणि त्याहून जास्त ७×५७ वापरले. त्याने हजारावर हत्ती मारल्याची नोंद आज वाचवत नाही. पण काडतुसाबद्दल त्यातून एक गोष्ट निर्विवाद कळते: लांब, जड आणि घट्ट बनावटीची गोळी मंद वेगानेही खोल जाते.

आज जुनी श्योनाउअर मिळाली तर तिचे ६.५×५४ जरूर जपावे. आधुनिक माउझरवर नवी नळी लावून ६.५×५४ करणे मात्र मला पटत नाही. त्याचे बूड माउझरहून बारीक, कमाल दाब ३६५० बार, आणि आखूड टोकदार गोळ्यांना चेंबरपासून खोबणीपर्यंत लांब उडी मारावी लागते. ६.५ हवेच असेल तर ६.५×५७ घ्यावे. ते त्याच व्यासाचे, पण माउझरच्या मूळ घरातले आहे.

कायद्यांनी टिकवलेली काडतुसे

कित्येक काडतुसे दुर्मीळ का झाली किंवा का टिकली, याचे उत्तर शास्त्रात नसून सरकारी आदेशांत सापडते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांच्या लष्करी ८×५७ वर बंधने आली, तेव्हा चेंबर ३ मिलिमीटर पुढे कोरून ८×६०एस आले. फ्रान्समध्ये २०१३ पर्यंत लष्करी काडतुसे शिकारीला सहज मिळत नसत, म्हणून विल्हेल्म ब्रेनेकेचे १९१७ चे ७×६४ तिथे घरोघरी पोचले.

आणि हीच गोष्ट आपल्या दारात घडली. ब्रिटिश सरकारला .३०३ खासगी हातांत नको होते, म्हणून हिंदुस्थानात .३१५ ची रायफल आली. ०.३१५ इंच म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर. ते मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे ८×५०आर मानलिखर. ज्या देशात ते जन्मले तिथून ते केव्हाच हद्दपार झाले. तिथल्या सैन्याने १९३० च्या सुमारास ८×५६आर घेतले. इकडे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात .३१५ ची काडतुसे बनत राहिली, आणि परवान्याच्या भारतीय रायफलींत ती आजही चालतात. काडतूस दुर्मीळ आहे की नाही, हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. म्हणून निवड करताना जगाच्या यादीपेक्षा आपल्या गावच्या दुकानाची यादी पाहावी. स्टॉकहोममध्ये ९.३×६२ मागितले तर कोणी भुवई उंचावणार नाही.

कोणत्या जनावरासाठी

जर्मन शिकार कायद्याने हे बरेच सोपे केले आहे. छोट्या रो हरणासाठी १०० मीटरवर किमान १००० जूल ऊर्जा लागते. लाल हरीण, रानडुक्कर अशा बाकीच्यांसाठी किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २००० जूल. ६.५×५७ आणि ७×५७ योग्य गोळीसह हे निकष आरामात पार करतात, खांद्याला धक्काही सोसवेल असा. रानडुकरांच्या हाकाऱ्यात किंवा मूससमोर ९.३×६२ ची जड गोळी जास्त भरवशाची. आफ्रिकेत जाणाऱ्याने आधी तिथला नियम पाहावा; काही देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा आहे, आणि ९.३ तिच्या अगदी किंचित खाली पडते.

पुंगळीचा हिशेब

दुर्मीळ काडतुसाची रायफल नळीमुळे अडत नाही. ती पितळेमुळे अडते. गोळ्यांचे व्यास ठरावीक आहेत, ६.५, ७ आणि ८ मिलिमीटरच्या गोळ्या उदंड मिळतात. दारू मिळते. पुंगळी मात्र त्या एकाच काडतुसाची असते. म्हणून ऑर्डर देण्याआधी पाहावे: ही पुंगळी एखाद्या प्रचलित पुंगळीतून घडवता येते का? ७×५७ ची मान आवळली की ६.५×५७ होते. ८×५७ ची मान रुंदावली की ९×५७ होते. अशी वाट असलेले काडतूस निराधार होत नाही. घडवलेल्या पुंगळीच्या बुडावर जुने नाव राहते, म्हणून डब्यावर ठळक चिठ्ठी लावावी. चुकीच्या रायफलीत चुकीचे काडतूस जाण्याचे अपघात अशा आळसातूनच होतात. जर्मनीत स्वतः काडतुसे भरायची तर स्फोटकांच्या कायद्याखाली वेगळा परवाना काढावा लागतो, हेही आधीच धरून चालावे.

मग कारागिराला विचारावे की चेंबर कोरायचा रीमर त्याच्याकडे आहे की मागवायचा, आणि तो सीआयपी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मापाचा आहे का. नवी नळी लावलेली रायफल तिथल्या सरकारमान्य परीक्षागृहात जाते. तिथे कमाल मर्यादेच्या सव्वापट दाबाची काडतुसे झाडून तिच्यावर ठसा उमटवतात. ठसा नसलेली रायफल ताब्यात घेऊ नये, कारागीर कितीही ओळखीचा असो.

पैसे देण्याचा क्रमही मला असा सुचवावासा वाटतो: नळीची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पुंगळ्या विकत घ्याव्यात. सरावासह वर्षाला ४० बार करणाऱ्या शिकाऱ्याने २०० पुंगळ्या घेतल्या आणि प्रत्येक पाच वेळा भरली, तर १००० बार होतात, म्हणजे पंचवीस वर्षे. दोनशे पुंगळ्या बाजारात मिळत नसतील, तर ते काडतूस अजून निवडायचे नाही.