‘मे’, ‘आय थिंक’, ‘आय ॲम अफ्रेड’... इंग्रजीतलं जपून बोलणं हिब्रूत नेताना काय होतं?

‘हे औषध वेदना कमी करू शकतं.’ ‘हे औषध घेतल्यावर चक्कर येऊ शकते.’ औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदावर अशी वाक्यं असतात. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द पुरतो, ‘मे’. हाच कागद हिब्रूत करायचा असेल, तर मात्र अनुवादकाला थांबावं लागतं. पहिल्या वाक्यात ‘असूय’ येईल आणि दुसऱ्यात ‘अलूल’. दोन्हींचा अर्थ ‘होऊ शकतं’ असाच आहे. पण होणारी गोष्ट हवीशी किंवा निदान तटस्थ असेल तर असूय, आणि नकोशी असेल तर अलूल. यांची अदलाबदल झाली, तर ‘या औषधाने वेदना कमी होण्याचा धोका आहे’ अशा थाटाचं वाक्य तयार होतं.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. आपणही ‘पावसाची शक्यता’ म्हणतो आणि ‘पुराची भीती’ म्हणतो. फरक इतकाच, की आपल्याकडे ‘शक्यता’ दोन्हीकडे चालून जाते. हिब्रूत नेटकं लिहायचं, तर बाजू घ्यावी लागते. ‘उद्या पाऊस पडू शकतो’ हे वाक्य पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्यासाठी असूय आणि उघड्या मैदानात लग्न ठरवलेल्यासाठी अलूल! इंग्रजी वाक्य कोणाच्या बाजूचं आहे, हे त्यात लिहिलेलंच नसतं. बाजू घ्यायची नसेल, तर ‘यिताखेन’ म्हणजे ‘शक्य आहे’ हा जरा पुस्तकी शब्द कामी येतो.

इंग्रजीत हातचं राखून बोलण्यासाठी असे शब्द ढिगाने आहेत. पर्हॅप्स, सॉर्ट ऑफ, इट सीम्स, ॲज फार ॲज आय नो. यातल्या प्रत्येकासाठी हिब्रू शब्दकोशात शब्द सापडतो. ‘पर्हॅप्स’साठी ‘उलाय’ आहे, ‘बहुतेक’साठी ‘कनिरए’ आहे. अडचण शब्दांची नाहीच. इंग्रजीने जे सांगितलेलं नसतं, ते हिब्रू मागते, ही खरी अडचण आहे.

‘आय थिंक’ म्हणणारा कोण?

‘आय थिंक’ इतकं साधं काही नसेल, असं आपल्याला वाटतं. हिब्रूत पुरुष म्हणेल ‘अनी खोशेव’, स्त्री म्हणेल ‘अनी खोशेवेत’. वर्तमानकाळातलं क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलतं, आपल्या ‘मी समजतो’ आणि ‘मी समजते’सारखं. समोर माणूस असेल, तर प्रश्न नाही. पण निनावी ईमेल, सर्वेक्षणातलं उत्तर किंवा चेहरा न दिसणाऱ्या आवाजाची सबटायटल्स असतील, तर? भाषांतर करणाऱ्या यंत्राला संदर्भ मिळाला नाही, तर ते अंदाज करतं आणि तो अंदाज बहुधा पुरुषाच्या बाजूने झुकतो. (इंजिनिअरिंगच्या भाषेत, डिफॉल्ट व्हॅल्यू.)

यातून वाट काढायला हिब्रूत दोन छान शब्दप्रयोग आहेत. ‘लेदाअती’ म्हणजे ‘माझ्या मते’, आणि ‘निरए ली’ म्हणजे शब्दशः ‘मला दिसतं’. दोन्हींत बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. दुसरा तर थेट आपल्या ‘मला वाटतं’चा भाऊच! ‘मी’ कर्ता नाही, वाटणं माझ्याकडे येतं. कोकणातून इस्रायलला गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल मंडळींना हा प्रयोग इंग्रजीभाषकांपेक्षा लवकर जमला असेल, असं मला तरी वाटतं. ‘ॲज फार ॲज आय नो’साठीही ‘लेमेताव येदिआती’ हा लिंग न सांगणारा पर्याय आहे, पण त्याला किंचित प्रतिज्ञापत्राचा वास येतो.

इंग्रजी चॅटमध्ये ‘इन माय हंबल ओपिनियन’चं संक्षिप्त रूप सर्रास वापरतात. हिब्रूत त्याला ‘लाअनियूत दाअती’ आहे, शब्दशः ‘माझ्या ज्ञानाच्या दारिद्र्याप्रमाणे’. आपलं ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ अगदी याच जातीचं. यहुदी धर्मपंडित आपल्या लेखी निर्णयांत हा शब्दप्रयोग वापरत आणि त्याचं आद्याक्षरी रूपही इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे.

शंका की सभ्यता?

‘आय ॲम अफ्रेड वी आर क्लोज्ड’ यात कोणी घाबरलेलं नसतं. शब्दशः अनुवाद केला, तर दुकानदार थरथर कापतोय असं वाटेल. हिब्रूत इथे ‘लेत्साआरी’ बसतं, म्हणजे ‘मला खेद आहे की’. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली’ या लांबलचक गाडीचे सगळे डबे ओढत नेण्याचीही गरज नसते. ‘एफ्शार?’ म्हणजे ‘शक्य आहे?’ एवढ्यावर पाणी मागता येतं, बिल मागता येतं. त्यात ऐकणाऱ्याचं लिंगही ठरवावं लागत नाही.

इस्रायली माणूस तोंडावर बोलतो, अशी ख्याती आहे. त्याला तिथे ‘दुग्री’ बोलणं म्हणतात. हा शब्द अरबीतून आला आणि त्याचं मूळ तुर्की. तामार कात्रिएल या अभ्यासक महिलेने 1986 मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पण म्हणून अनुवादात सगळे सावध शब्द छाटून टाकायचे, हे चूकच. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ला ‘इम कोल हाकावोद’ आहे आणि तोही इंग्रजीसारखाच, पुढे विरोध येणार याची सूचना देतो. गंमत म्हणजे त्यातलं ‘इम’ काढलं, की उरतं ‘कोल हाकावोद’, म्हणजे ‘शाब्बास’!

विनयाचा शब्द गळला, तर फार तर माणूस उद्धट वाटेल. शंकेचा शब्द गळला, तर मजकुराचा अर्थच बदलतो. संशोधनातलं ‘सजेस्ट्स’ हिब्रूत ‘सिद्ध करतं’ झालं, तर तो अनुवाद उरत नाही, नवा दावा होतो.

बातमीतला सर्वात महाग शब्द

आमच्या डेस्कवर इंग्रजी कॉपीतला ‘अलेजेडली’ मराठीत ‘कथित’ होतो. घाईत तो गळला, की आरोपीचा गुन्हेगार होतो. हिब्रू बातम्यांत हे काम ‘लिखोरा’ करतो. हा शब्द पारंपरिक तालमूद अभ्यासातला. तिथे त्याचा अर्थ ‘वरवर पाहता असं दिसतं’, म्हणजे पुढे दुसरं काही निघू शकतं. कायद्याच्या भाषेत सकृद्दर्शनी पुराव्यालाही ‘रेआयोत लिखोरा’ म्हणतात. म्हणूनच ‘अलेजेडली’साठी हा शब्द चपखल बसतो.

त्याच्या शेजारचाच ‘किव्याखोल’ मात्र जपून वापरावा लागतो. देवाबद्दल माणसासारखं बोलताना ‘जणू, असं म्हणता येत असेल तर’ अशा अर्थाने जुने पंडित तो घालत. आज त्यात ‘म्हणे’चा कुत्सित सूर आहे. ‘लिखोरा’ चोरी झाली, म्हणजे चोरीचा आरोप आहे. ‘किव्याखोल’ चोरी झाली, म्हणजे लिहिणाऱ्याचा त्या आरोपावर विश्वासच नाही.