लिनक्समध्ये हक्क असूनही ‘परवानगी नाही’ का?

नवे सॉफ्टवेअर संगणकावर निर्विघ्न बसते, पण सुरू करू जाता पडद्यावर ‘पर्मिशन डिनाइड’ एवढेच दोन शब्द उमटतात, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्यांना नवा नाही. जाणकार मित्र मग सर्वांना सर्व हक्क देणारी ‘सीएचमॉड ७७७’ ही आज्ञा सुचवितो. तिने अडचण क्वचितच सुटते. उलट ती फाइल कोणीही बदलावी इतकी उघडी पडते.

असे का होते, हे समजण्यास गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण उपयोगी पडेल. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु वाहतूक परवाना वन खात्याच्या हाती असल्याने स्वतःचाच बांबू विकून बाहेर नेणे अडले. एप्रिल २०११ मध्ये परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे आले, तेव्हा वाट मोकळी झाली.

लिनक्समध्येही तपासण्या दोन आहेत. पहिली जुनी: फाइल कोणाची, आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा, चालविण्याचा हक्क कोणास. दुसरी ‘एसई-लिनक्स’ची. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये ती खुली केली आणि २००३ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात सामावली गेली. रेड हॅट व फेडोरामध्ये ती मुळातच चालू असते. (उबुंटूत हे काम ‘अ‍ॅपआर्मर’ करते, त्याची रीत वेगळी.) येथे प्रत्येक फाइलवर एक चिठ्ठी असते आणि मालकी कोणाचीही असो, पहारेकरी ती चिठ्ठी पाहतो.

नेहमीची चूक अशी. सॉफ्टवेअर घरच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतले जाते आणि ‘एमव्ही’ आज्ञेने प्रणालीच्या फोल्डरमध्ये हलविले जाते. हलविलेली फाइल जुनी चिठ्ठी घेऊन जाते. ‘सीपी’ने केलेल्या नव्या प्रतीला मात्र नव्या जागेची चिठ्ठी मिळते. गंमत म्हणजे हलविलेले सॉफ्टवेअर स्वतः चालविले तर चालते. संगणक सुरू होताना प्रणालीने चालवावे म्हटले, की अडते. बिचारा वापरकर्ता चक्रावतो तो येथेच.

उपाय फारसा अवघड नाही. ‘एलएस’ला मोठ्या लिपीतील ‘झेड’ जोडल्यास चिठ्ठी दिसते. काय अडविले गेले, हे ‘ऑडिट’च्या नोंदवहीत सापडते. ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा त्या जागेची योग्य चिठ्ठी पुन्हा लावते. सॉफ्टवेअर नेहमीच्या जागी नसेल तर आधी ‘सेमॅनेज’ने त्या जागेचा नियम नोंदवावा, ‘सीएचकॉन’ने लावलेली चिठ्ठी पुढच्या दुरुस्तीत पुसली जाते.

निदानापुरते ‘सेटएनफोर्स ०’ वापरण्यास हरकत नाही. त्या स्थितीत पहारेकरी नोंद करतो, अडवीत नाही. काम झाले की ‘सेटएनफोर्स १’ द्यावे. पहारा कायमचा बंद केल्यास मात्र पुढे तयार होणाऱ्या फाइलींवर चिठ्ठ्याच लागत नाहीत. तो पुन्हा सुरू करावयाचा तर संपूर्ण डिस्कवर नव्याने चिठ्ठ्या लावाव्या लागतात आणि मोठ्या सर्व्हरवर ते काम संपेपर्यंत कार्यालयाला खोळंबून राहावे लागते.