वकिलाच्या हाती रापी

तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्याचा दिवस पुकाऱ्याने बांधलेला असतो. वाटपाचे दावे, बांधावरचे तंटे, ताकीद अर्ज, न वटलेल्या धनादेशांच्या फिर्यादी आणि दर तारखेला अशिलाची तीच समजूत. अशा वकिलाला हस्तकलेची ओढ असली, तर लोक तिला विरंगुळा म्हणतात. मला ते पटत नाही. कारागिरांच्या शेजारी राहणाऱ्या वकिलाची ही आवड त्याच्या वकिलीतच उतरायला हवी. कारागिराला आज जी कायदेशीर मदत हवी आहे, ती काम जवळून पाहिलेला वकीलच नीट देऊ शकतो.

कोल्हापुरी चपलेचंच पाहा. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. जून 2025 मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अगदी तशाच घाटाच्या चपला मांडल्या. त्यावर वकिलांनीच मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि जुलैमध्ये ती फेटाळली गेली. नोंदणीकृत मालक स्वतः येऊ शकतात, मग तुम्ही कोणत्या अधिकाराने आलात, हा न्यायालयाचा प्रश्न होता. भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्याप्रमाणे दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाचा आणि अधिकृत वापरकर्त्याचा. म्हणजे कापशीच्या किंवा अथणीच्या कारागिराने कलम 17 खाली अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवून घेतलं, तर तो हक्क त्याच्या हाती येतो. तळमळ मोठ्या शहरात व्यक्त झाली. खरं काम मात्र तालुक्यात, एकेका कारागिराच्या कागदपत्रांत आहे.

नाव नोंदवण्याच्या या अर्जात आपण खरोखर उत्पादक आहोत, हे कारागिराला निवेदनाने आणि कागदपत्रांनी दाखवावं लागतं. इथे ठरावीक मसुदा पुरत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं भिजवून ठोकायचं, रापीने तळ कापायचा, दोन थरांमध्ये कान बसवायचे, पट्टा आणि अंगठा जोडायचा, आरीने भोकं पाडून कातड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा कुठेच नाही. कमावणं एका घरात, कापणं दुसऱ्या घरात, पट्ट्यावरची कातड्याची वेणी घालणं बहुधा बायकांच्या हाती. कारागिराला विचारलं, तर तो "चप्पल करतो" एवढंच सांगेल, कारण हाताला रोजचं झालेलं काम वेगळं सांगावं असं त्याला वाटत नाही. ज्या वकिलाने स्वतः रापी धरून पाहिली, त्याला कातडं कोणी कमावलं, वेणी कोणाची, हे विचारायचं सुचतं. आणि वेणी घालणारी बाई कागदावर राहूनच जाते आहे, हेही त्याच्या लक्षात येतं.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की मानांकनभंगाचे दावे जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात चालतच नाहीत आणि नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे. तालुक्याच्या वकिलाचा संबंध काय? पण दावा कुठेही चालो, पुरावा जिथे काम होतं तिथेच गोळा होतो. दुसरा आक्षेप, की माहिती अशील देतो, वकिलाने कला शिकण्याची गरज नाही. जमिनीच्या दाव्यात मात्र चांगला वकील बांधावर जाऊन उभा राहतो, मोजणीचा नकाशा स्वतः वाचतो. तीच मेहनत इथे का नको? तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मानांकन नावाचं आणि मूळ स्थानाचं रक्षण करतं, घाटाची नक्कल त्याने सहसा थांबत नाही. हे खरं आहे. तरीही 'कोल्हापुरी' नावाने यंत्रावरचा माल विकला गेला, तर दाद मागायला नोंदलेला कारागीर लागतोच. शिवाय बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतः व्यापार करता येत नाही, त्यामुळे त्याच्या आवडीत कारागिराशी स्पर्धाही नाही.

हातकामावर जीव असलेल्या वकील मित्रांनो, या वर्षी आपल्या तालुक्यातल्या एका तरी कारागिराचा अर्ज तयार करा, आणि त्यासाठी आधी त्याच्या कामाजवळ जाऊन बसा.