पाहुण्याचा रुपया

घरी पाहुणा आला की आपण काय करतो? तांब्याभर पाणी देतो. बसायला चटई टाकतो. चहाचे आधण ठेवतो. त्याचे पैसे आपण घेत नाही. घरच्या पाहुण्याचे पैसे घेणे ही लाजेची गोष्ट.

पण काही पाहुणे घराला येत नाहीत, गावाला येतात. ते आपले सोयरे नसतात. गावातला डोंगर, देऊळ, तलाव, किल्ला, नाहीतर जंगल पाहायला ते येतात. दोन घटका फिरतात, खातात-पितात, चार वस्तू विकत घेतात आणि परत जातात. अशा फिरण्याला पर्यटन म्हणतात. शब्द नवा वाटेल, पण गोष्ट जुनी आहे. आपले आजे-पणजे बंडी जुंपून कार्तिकात रामटेकच्या जत्रेला जात, तेही एक पर्यटनच होते.

हे पाहुणे पैसा खर्च करतात. तो घेण्यात लाज नाही. मात्र तो पैसा जातो कुठे, हे पाहिले पाहिजे.

समजा, नागपूरचे एक कुटुंब रविवारी रामटेकला आले. नागपूरपासून रामटेक सुमारे 50 किलोमीटर. नवरा-बायको, दोन पोरे आणि म्हातारी आई. गाडीत तेल भरले ते नागपुरात. वाटेत खायला चिवडा घेतला तोही नागपुरात. गडाखाली आल्यावर त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, 40 रुपयांच्या. दुकानदाराला थोडे सुटले. बाकीचा पैसा बाटली भरणाऱ्या कारखान्याकडे गेला. पोरांनी प्लास्टिकची खेळणी घेतली. ती कुठल्या तरी दूरच्या शहरातून आलेली. त्या पैशाचीही तीच गत झाली.

मग सगळ्यांनी टपरीवर चहा घेतला, भजी खाल्ली. 100 रुपये झाले. आता गंमत पाहा. चहाचे दूध शेजारच्या गावच्या गवळ्याचे. कांदा, मिरची बाजारात बसणाऱ्या बाईची. भजी तळणारे हात टपरीवालीचे. टपरीवालीने संध्याकाळी गवळ्याचे पैसे दिले. गवळ्याने म्हशीसाठी ढेप घेतली. ढेप विकणाऱ्याने आपल्या पोराचा सदरा गावच्या शिंप्याकडे शिवायला टाकला. एकच रुपया चार घरी फिरला आणि चारही घरी कामास आला. बाटलीचा रुपया मात्र आला तसा निघून गेला.

म्हणून पाहुणे किती आले, एवढेच मोजून भागत नाही. त्यांचा रुपया रात्री कुठे मुक्कामाला राहिला, तेही मोजावे.

मुक्कामाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. रामटेकला येणारे पुष्कळ लोक सकाळी येतात आणि दिवे लागायच्या आत नागपूरला परततात. रात्री राहणाऱ्या माणसाला खोली लागते, जेवण लागते, सकाळचा नाश्ता लागतो. मग तो खिंडसी तलावावर जाऊन नावेत बसतो, दुपारी आणखी एखादे ठिकाण पाहतो. एका दिवसाच्या दहा पाहुण्यांपेक्षा मुक्कामाचे दोन पाहुणे कधीकधी गावाला जास्त देऊन जातात. पण मुक्कामाला स्वच्छ संडास पाहिजे, धुतलेली चादर पाहिजे, बाईमाणसाला निर्धास्त वाटले पाहिजे. एवढे नसेल तर कितीही सुंदर डोंगर असो, पाहुणा राहत नाही.

बरे, लोक रामटेकला येतात कशासाठी? रामाचे देऊळ आहे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी या देवस्थानाचा जीर्णोद्धार केला. पण गडाची गोष्ट त्याच्याही फार मागची आहे. सुमारे 1600 वर्षांपूर्वी या मुलखावर वाकाटक राजे राज्य करीत होते. त्यांची राजधानी नंदिवर्धन. आपले आजचे नगरधन तेच. राजा रुद्रसेन वारला तेव्हा त्याची मुले लहान होती. तेव्हा राणी प्रभावतीगुप्ता हिने राज्याचा कारभार हाती घेतला. ती उत्तरेचा मोठा राजा चंद्रगुप्त याची लेक. तिने दिलेले ताम्रपट सापडले आहेत. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले दानपत्र. नगरधनला खोदकाम झाले, त्यात तिच्या नावाचा मातीचा शिक्काही मिळाला. एका बाईच्या नावाचा शिक्का, आणि तोही आपल्या मातीत!

गडावर केवल नरसिंहाचे देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर त्या काळचा लेख कोरलेला आहे. महाकवी कालिदासाने आपल्या 'मेघदूत' काव्यात ज्याला रामगिरी म्हटले, तो डोंगर म्हणजे रामटेकच, असे वासुदेव विष्णू मिराशी या मोठ्या पंडितांनी मांडले. गडावर कालिदासाचे स्मारक आहे. 1997 साली रामटेकला कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही निघाले.

जुना दगड, जुना लेख, जुनी कथा, हे त्या टपरीवालीचे भांडवल आहे. सावकाराकडून आणलेले भांडवल फेडता येते, पुन्हा उभे करता येते. हे भांडवल एकदा मोडले की संपले. काही लोक देवळाच्या भिंतीवर कोळशाने नाहीतर खिळ्याने आपले नाव लिहून ठेवतात. नवीन अक्षर शिकलेल्या माणसाला नाव लिहिण्याची हौस असते, हे मला कळते. पण त्यासाठी पाटी आहे, वही आहे. सोळाशे वर्षांच्या लेखाशेजारी आपले नाव शोभत नाही.

सगळेच मात्र पैशात मोजू नये. नागपूरची दीक्षाभूमी पाहा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास लाखो माणसे तिथे येतात. रेल्वेने, बसने, पायी. पुष्कळांची शिदोरी घरची असते. त्यांना फिरायला आलेले म्हणणे बरोबर नाही. ती माणसे आपल्या माणूसपणाची आठवण घ्यायला येतात. हॉटेलवाल्याच्या वहीत त्यांची फारशी नोंद नसेल. पण तिथली पुस्तकांची दुकाने पाहा. लोक दाटीवाटीने उभे राहून पुस्तके घेतात आणि थैली भरून गावी नेतात. त्या पुस्तकांनी किती घरे बदलली, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

आता शहर सोडून जंगलाकडे येऊ. इथे हिशेब जरा अवघड आहे.

रामटेकच्या उत्तरेला पेंचचे जंगल. 1975 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1999 साली व्याघ्र प्रकल्प. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली इथे दारे आहेत. पाहुणे तिथून उघड्या जिप्सी गाडीत बसून वाघ पाहायला आत जातात.

अशाच जंगलाकाठच्या एका गावी पर्यटनाची गोष्ट निघाली, तेव्हा एक म्हातारबाबा उठून उभे राहिले.

"गुरुजी, वाघ पाहाले लोक येतात, हे खरं. पण माही गाय वाघानं खाल्ली, त्याचं काय जी?"

शेजारची बाई म्हणाली, "आन् मोहफुलाचं काय? आमची माय ज्या झाडाखाली मोहफुलं वेचे, तिथं आता आमाले जाता येत नाही."

दोघांचे बोलणे खरे होते. वाघ राखायचा तर जंगल राखावे लागते. जंगल राखायचे तर गुरे, लाकूड, मासेमारी यांवर बंधने येतात. तोतलाडोहाच्या पाण्यात मासे धरायला मनाई झाली, ती जाळे टाकून पोट भरणाऱ्यांच्या थेट ताटावर बसली. जंगलाचा फायदा सर्वांना होतो. पेंच नदीचेच पाणी नागपूर शहर पिते. पण जंगल राखण्याची किंमत मात्र काठावरची गावे देतात. तेव्हा पाहुण्याच्या रुपयावर पहिला हक्क कोणाचा, हे सांगायला नको.

हा हक्क काही प्रमाणात कायद्यात आला आहे. 2006 साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. तीप्रमाणे व्याघ्र प्रकल्पासाठी एक प्रतिष्ठान असते. दारावर जमलेला पैसा त्याच्याकडे येतो आणि तो जंगलासाठी व आसपासच्या लोकांसाठी वापरायचा असतो. 2015 साली महाराष्ट्र सरकारने जंगलाकाठच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना काढली. तिच्यात गावाची समिती असते. सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून गॅस देणे, अशी कामे तिच्यातून होतात. समितीची सभा कधी आहे, पैसा किती आला, कशावर गेला, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. आता वाचता येते, तर समितीची वही मागून वाचावी. कोणी रागावले तरी मागावी.

म्हातारबाबांच्या गाईचेही सांगतो. वाघाने जनावर मारले तर सरकार भरपाई देते. पण मेलेले जनावर जागचे हलवू नये. लगेच वनविभागाला कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. उशीर झाला, जनावर उचलले, म्हणून पुष्कळांची भरपाई बुडते.

आणि कामाची वाट आहेच. जिप्सीबरोबर गाईड असावा लागतो, आणि तो बहुधा जवळच्या गावचाच असतो. पंजाचा ठसा कोणाचा, माकड कशाला ओरडले, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. गुरे चारताना फुकट मिळालेली ही विद्या. आता तिचे पैसे होतात.

आणखी एक नवल ऐका. आपण अंधाराला नावे ठेवतो. वीज गेली की चिडतो. पण जानेवारी 2024 मध्ये पेंचच्या अंधारालाच मान मिळाला. रात्री तिथे तारे इतके स्वच्छ दिसतात की भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून पेंचचे नाव झाले. डार्क स्काय पार्क म्हणजे जिथला काळोख जपला जातो अशी जागा. त्यासाठी आसपासच्या गावांत सडकेवरच्या दिव्यांची तोंडे खाली वळवली. उजेड पायाखाली पडतो, आभाळात जात नाही. शहरातली माणसे आता तारे पाहायला येतात. तारे पाहायचे तर रात्र पाहिजे, आणि रात्र म्हटली की मुक्काम आला. म्हणजे पुन्हा तीच खोली, तेच जेवण, तीच धुतलेली चादर. ज्या घरच्या बाईला चांगली ज्वारीची भाकर आणि झुणका करता येतो, तिने दूरच्या हॉटेलवाल्याकडे बोट दाखवून बसू नये. चार बायांनी मिळून बचतगटातून हे काम धरावे.

मात्र शेती सोडून या धंद्यावर सारी मदार टाकू नका. 2020 साली करोनाच्या साथीत जंगलाची दारे बंद झाली तेव्हा जिप्सी जागच्या जागी उभ्या राहिल्या. हप्ता मात्र थांबत नाही. तशीही पावसाळ्यात गाभ्याच्या जंगलाची वाट तीन महिने बंदच असते. तेव्हा गाईड पोरे गणवेश खुंटीला टांगतात आणि बांधीत धानाची रोवणी करतात. ऑक्टोबरात दार उघडते. धान तेव्हा लोंबीवर असते, कापणीला अजून वेळ असतो, आणि पोरे पहाटे पुन्हा दारावर जाऊन उभी राहतात.