छपरावरचे पाणी जाते कुठे?

केळना नदीकाठच्या भोकरदन परिसरात पाण्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची आणि जुलैत अंगणातला चिखल, भिंतीची ओल व तुंबलेले गटार यांच्याशी झगडायचे. या दोन्ही तक्रारींचे बरेचसे उत्तर आपल्याच छपरावर असते. मात्र घर बांधताना खोल्या, फरशी, रंग यांचा विचार होतो; छपरावरचे पाणी कुठून उतरेल आणि कुठे जाईल, हे बहुधा गवंड्यावर सोपवले जाते.

आधी साधा हिशेब पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिमी पाऊस होतो. हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरची गच्ची असेल आणि ७०० मिमी पावसातला १५ टक्के वाया गेला, तरी ५५ हजार लिटर पाणी हाती लागते. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर. सरासरीपेक्षा कमी पावसाच्या वर्षीही निम्म्याहून अधिक पाणी मिळू शकते.

हा पाऊस चार महिने सारखा पडत नाही. तो थोड्या दिवसांत आणि अनेकदा तासा-दोन तासांत कोसळतो. तासाला ६० मिमी वेगाने पाऊस आला तर याच गच्चीवरून दर मिनिटाला ९० लिटरहून अधिक पाणी उतरते. म्हणून पाइप वार्षिक पावसावर नव्हे, तर सर्वांत जोराच्या सरीवर ठरवायचा असतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या तक्त्यानुसार तासाला ७५ मिमी पावसात चार इंची उभा पाइप साधारण ५७ चौरस मीटर छपराचे पाणी वाहून नेतो. हजार फुटांच्या गच्चीला असे दोन पाइप हवेत. गच्चीला दर दहा फुटांना सव्वा इंच उतार द्यावा. पत्र्याच्या घराला पन्हळ लावताना वीस फुटांत इंच-सव्वा इंच उतार पाइपाच्या दिशेने ठेवावा, नाहीतर पन्हळीतच पाणी साचते.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना पन्हळी भिंतीपासून चांगल्या पुढे काढलेल्या असत, त्यामुळे धार मातीच्या भिंतीवर येत नसे. आज स्लॅबच्या घरात दोन इंची पाइपाचा तुकडा भिंतीबाहेर जेमतेम वीतभर काढला जातो आणि सगळे पाणी जोत्याशी पडते. काळ्या जमिनीत ही चूक महाग पडते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. घराची एक बाजू भिजून फुगली आणि दुसरी कोरडी राहिली, तर पाया सारखा उचलला जात नाही. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. भेग सिमेंटने बुजवली तरी पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. त्यापेक्षा घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतरता कोबा करावा आणि पाइपातले पाणी बंद नळीने दूर न्यावे.

दूर नेलेले पाणी साठवावे किंवा जिरवावे. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी दिवसाला ५० लिटर धरले, तर पाच हजार लिटरची टाकी शंभर दिवस पुरते. परतीच्या पावसात ती भरून ठेवली तर टंचाईतले निदान पिण्याचे पाणी घरचे होते. पहिल्या पावसाचे शंभर-दीडशे लिटर पाणी धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांच्या विष्ठेसह बाहेर सोडून द्यावे. त्यासाठी उभ्या पाइपाला खाली झाकण असलेला फाटा ठेवणे पुरेसे असते. पुढचे पाणी जाळीतून व वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यावे. पिण्यापूर्वी ते उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध टाकावे.

जिरवण्याचा खड्डा पायापासून किमान दहा फूट लांब आणि संडासाच्या खड्ड्यापासून शक्य तितका दूर असावा. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही; म्हणून खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा. गाळणीशिवाय पाणी थेट बोअरमध्ये सोडू नये. त्याने बोअर गाळाने भरतो आणि भूजलही दूषित होते.

आरोग्याचा प्रश्न इथेच येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उतार चुकलेली पन्हळ, गच्चीवरचे डबके, झाकण नसलेला ड्रम या त्याच्या आवडीच्या जागा. टाकीच्या झाकणाला फट नको आणि हवेच्या नळीला बारीक जाळी हवी. आठवड्यातून एकदा पाळायचा कोरडा दिवस गच्ची आणि पन्हळीलाही लागू आहे.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. साध्या घराचा भूखंड त्याहून बराच लहान असतो, त्यामुळे तिथे हे काम घरमालकाच्याच इच्छेवर राहते. नव्या घराच्या नकाशातच पाइप, टाकी आणि खड्ड्याची जागा आखली तर नंतरची तोडफोड वाचते. जुन्या घरात मृगाच्या आधी पन्हळी झाडून घ्याव्यात, सांधे तपासावेत. मग पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कुठे पडते, कुठे थांबते आणि कुणाच्या दारात जाते, हे पाहिले की खर्च नेमका कुठे करायचा ते कळते.