विजेचा द्वारपाल

जुन्या वाड्याच्या देवडीवर रात्री पहारेकरी बसत असे. दारावर थाप पडली की तो आधी आवाज ओळखी आणि मगच अडसर सरकवी. आलेला माणूस आत शिरल्यावर दार पुरते लागले की नाही, हे तो स्वतः पाही आणि पुन्हा अडसर घाली. कामे साधीच, परंतु त्यांचा क्रम चुकला तर वाडा उघडा पडे. आता कार्यालयांच्या आणि काही घरांच्याही दारांना विजेवर चालणारी कुलुपे बसवतात. त्यांत पहारेकऱ्याची हीच कामे एक लहानशी मोटार, काही कळा आणि थोड्या तारा मिळून करतात.

प्रथम हाताचे काम पाहू. कुलपाच्या पेटीत पोलादाचा दांडा असतो. तो चौकटीच्या खोबणीत शिरला की दार बंद होते, मागे आला की मोकळे होते. हा दांडा दातेरी चाकांच्या साहाय्याने मोटार हलवते. ती बहुधा १२ व्होल्टवर चालते आणि तिला दोनच तारा असतात. एका तारेला विजेचे धन टोक व दुसरीला ऋण टोक जोडले की मोटार एका दिशेने फिरते. टोकांची अदलाबदल केली की उलट फिरू लागते. खेळण्यातल्या गाडीची मोटार आणि विजेरीतील घट घेऊन हे तुम्ही करून पाहा. घरातील विजेशी मात्र असा खेळ कदापि करू नये.

कुलपात ही अदलाबदल कोण करणार? दाराच्या आतल्या बाजूस एक पेटी असते, तिला नियंत्रक म्हणतात. तिच्यात चार कळांची एक युक्ती असते. इंग्रजी ‘एच’ हे अक्षर डोळ्यांपुढे आणा. मधल्या आडव्या रेघेवर मोटार आणि उभ्या रेघांच्या चार टोकांवर चार कळा आहेत असे समजा. वरची डावी व खालची उजवी कळ जुळली, की प्रवाह मोटारीतून एका दिशेने वाहतो. उरलेल्या दोन जुळल्या, की उलट दिशेने. एकाच उभ्या रेघेवरील दोन्ही कळा चुकून एकदम जुळल्या, तर प्रवाह मोटारीत न शिरता सरळ खाली धावतो आणि काहीतरी जळते. नियंत्रकाने हे टाळलेच पाहिजे.

आता आपल्याला हात मिळाला. पण तो आंधळा आहे. दांडा टोकाला जाऊन भिडला तरी मोटार जोर लावतच राहील. अडलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते आणि अखेर तिची गुंडाळी जळते. यासाठी दांड्याच्या वाटेच्या दोन्ही टोकांना एकेक इवलीशी कळ बसवतात. दांडा पोहोचताच ती दाबली जाते. तारेवाटे तसा निरोप जातो आणि नियंत्रक प्रवाह तोडतो. पावसाळ्यात लाकूड फुगून दांडा मध्येच अडला, तर निरोप येतच नाही. अशा वेळी नियंत्रक काही सेकंद वाट पाहतो, दांडा मागे घेतो आणि भोंगा वाजवतो.

दार लागले आहे किंवा नाही, हे सांगणारा डोळा निराळा असतो. फळीत एक लोहचुंबक आणि चौकटीत काचेची बारीक नळी बसवतात. नळीत दोन पातळ पात्या एकमेकींपासून अगदी थोड्या अंतरावर असतात. दार लागून चुंबक जवळ आला की त्या चिकटतात आणि विजेची वाट पूर्ण होते. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली ही कळ शोधून काढली. तिची साक्ष मिळाल्याशिवाय दांडा पुढे सरकत नाही. एरवी तो चौकटीवर आदळला असता.

दाराबाहेर आकड्यांचा फलक असतो. तो या द्वारपालाचा कान. काही स्वस्त कुलपांत दार उघडणारी कळ या फलकातच असते. हे मोठे अज्ञान होय. चोराने फलक उचकटून आतल्या दोन तारा एकमेकींना लावल्या, की काम झाले! चांगल्या कुलपात फलक फक्त ऐकलेले आकडे आत कळवतो. ते बरोबर आहेत की नाहीत, हे आतील पेटी ठरवते.

दारातील तारा बिजागरीच्या बाजूने, लवचीक नळीतून आणतात. दार वारंवार हलते. एकच जाड तार वाकून वाकून तुटेल. म्हणून पुष्कळ बारीक धाग्यांची तार वापरतात आणि तिला थोडी ढील ठेवतात.

वीज गेली तर? दांडा होता तेथेच राहतो. बाहेरच्या माणसासाठी जोडीला बॅटरी आणि किल्ली असते. परंतु आत आग लागली आणि माणसे आतच असली, तर आकडे आठवण्यास आणि किल्ली शोधण्यास वेळ कोठून आणणार? १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंड येथे व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ होता. शेवटी खाली खेळणी वाटत आहेत हे कळताच सज्जातील मुले जिन्याने धावली. पायथ्याचे दार जिन्याकडेच उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल बाहेर पडेल एवढी फट ठेवून ते खिट्टीने अडकवलेले होते. त्या चेंगराचेंगरीत १८३ मुले दगावली. पुढे १८९२ साली रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी आतून नुसते ढकलताच सुटणाऱ्या खिट्टीचे पेटंट घेतले.

म्हणून विजेच्या कुलपालाही आतून एक साधी मूठ असते. तिचा दांड्याशी सरळ संबंध असतो. मध्ये तार नाही, मोटारीची परवानगी नाही. कुलूप बसवणारा जाणता कारागीर शेवटी आत उभा राहतो, दांडा विजेने लावून घेतो आणि मग वीज व बॅटरी दोन्हींच्या तारा सोडवून मूठ फिरवतो. दांडा मागे आला, तरच तो आपली हत्यारे आवरू लागतो.