लिलावाचे भाव आणि मैदानावरचा संघ

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग आणि युवराज हे पाच जण त्याआधीच ‘आयकॉन’ ठरले होते. संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा आयकॉनला १५ टक्के जास्त, असा नियम होता. एकही चेंडू पडण्याआधी कोण मोठा ते ठरून गेलं. हैदराबादच्या लक्ष्मणनं हा मान स्वतःहून सोडला, इतर खेळाडूंसाठी संघाच्या हाती पैसा राहावा म्हणून.

१ जूनला डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना रंगला, तेव्हा दोन्ही संघांत एकही आयकॉन नव्हता. राजस्थान हा सर्वांत स्वस्तात विकला गेलेला संघ. तोच शेवटच्या चेंडूवर जिंकला. त्याचा कर्णधार शेन वॉर्ननं गोव्याच्या स्वप्नील अस्नोडकरला सलामीला पाठवलं आणि त्यानं ९ सामन्यांत ३११ धावा काढल्या.

पण समानता आली की यश आलंच, असंही नाही. लक्ष्मणचा संघ त्या वर्षी तळाला राहिला आणि पुढच्याच वर्षी विजेता ठरला. उपविजेत्या चेन्नईकडे तर लिलावातला सर्वांत महाग खेळाडू, धोनी, होता.

पुढे आकडे फुगत गेले. २०१५ मध्ये दिल्लीनं युवराजला १६ कोटी दिले, २०२५ साठी लखनौनं पंतला २७ कोटी. दोन्ही संघ सातवे आले. मात्र २०२४ मध्ये कोलकात्याचा स्टार्क २४.७५ कोटींचा आणि त्याच संघातला रिंकू सिंग ५५ लाखांचा होता. पहिल्या दोन सामन्यांत स्टार्कनं ८ षटकांत १०० धावा दिल्या, बळी शून्य. तरी संघानं त्याच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही. अंतिम सामन्यात सामनावीर तोच ठरला.

या साऱ्या वर्षांकडे पाहून माझं मत पक्कं झालंय: संघ नुसत्या तफावतीनं मोडत नाही. कमी पैसे मिळणाऱ्याला आपल्या कामाची किंमत होत नाही असं वाटू लागलं, की संघ मोडतो. म्हणून वरचा आकडा कापण्यापेक्षा खालच्या माणसाला हक्काचं काही देणं मला महत्त्वाचं वाटतं. २०२५ पासून कराराच्या रकमेशिवाय प्रत्येक खेळाडूला सामन्यामागे सारखेच साडेसात लाख मिळतात. तीस लाखांचा खेळाडू चार सामने खेळला, की त्याची कमाई दुप्पट होते.